मदत हवी आहे: आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीसाठी नेमकं कुणाकडे जायचं?

नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातल्या आमच्या गावात उपकेंद्राचं छत दोन पावसाळ्यांपासून गळतंय. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर लसीचा डबा कोरड्या कोपऱ्यात सरकवत बसतात, अन् गरोदर बाया बाहेर ओट्यावर थांबतात. पाहवत नाही.

ग्रामसभेचा ठराव झाला, तालुक्याला दोनदा अर्ज दिला. तोंडी उत्तर मिळालं, "पैसा दिल्लीहून येतो, केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना लिहा." मला हे पटत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. पण वर्षभरातल्या कामांचा आराखडा राज्य पाठवतं, दिल्ली त्याला मंजुरी देते. आमचं काम त्यात चढलंच नसेल तर मंत्र्यांच्या पत्राने काय होणार?

जागा ग्रामपंचायतीची आहे, उतारा तयार आहे. उपकेंद्राच्या अबंधित निधीतून (किरकोळ स्थानिक गरजांसाठीच्या पैशातून) डागडुजी झाली, नवीन बांधकाम त्यात बसत नाही. देणगीदार सुचवू नका, इमारत सरकारीच हवी.

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी सांगावं: जिल्ह्याच्या आराखड्यात आमचं उपकेंद्र आहे की नाही हे माहिती अधिकारात कोणते शब्द वापरून विचारू, आणि नसेल तर पुढच्या वर्षासाठी प्रस्ताव कोणत्या महिन्याच्या आत द्यावा लागतो?