मदत मागायला आलेल्या माणसाला हार्मोन रोखणारे औषध द्यावे का?

अरुंधती:
लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटणारा माणूस, हातून काही घडण्याआधी स्वतःहून डॉक्टरांकडे आला, तर त्याला देण्यासारखे आपल्याकडे काय आहे? स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांची २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला म्हणूनच मोलाची वाटते. पिडोफिलिक डिसऑर्डरचे निदान झालेल्या, मदत मागणाऱ्या ५२ पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना डेगारेलिक्स हे प्रोस्टेटच्या कर्करोगावरील औषध टोचले आणि उरलेल्यांना औषध नसलेले इंजेक्शन दिले. हे औषध पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीकडून वृषणांकडे जाणारा संदेश अडवते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन काही दिवसांतच घसरते. दोन आठवड्यांनी मुलांवर अत्याचार घडण्याच्या धोक्याचा सरासरी गुणांक औषधाच्या गटात ७.४ वरून ४.४ वर आला. दुसऱ्या गटात तो ७.८ वरून ६.६ पर्यंतच उतरला. अशा रुग्णांसाठी हे औषध उपलब्ध व्हायला हवे.

निशिकांत:
आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. हा गुणांक बराचसा रुग्णाच्याच सांगण्यावर बेतलेला आहे. किती मुले अत्याचारापासून वाचली, हे त्यातून कळत नाही. त्यातल्या सहानुभूती आणि आत्मनियंत्रण या घटकांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि औषध घेतलेल्या दोघांना आत्महत्येचे विचार बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, हेही सांगायला हवे होते. शिवाय दोष हार्मोनचा किंवा मेंदूचा आहे, हे एकदा रुजले की उद्या प्रत्येक आरोपी न्यायालयात हेच सांगेल.

अरुंधती:
आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख राहिला, ही माझी चूक. म्हणूनच हे औषध मानसोपचारतज्ज्ञाच्या सततच्या देखरेखीखालीच द्यावे. मात्र कारण सापडले म्हणून जबाबदारी संपत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियातील एका चाळिशीच्या शिक्षकाची हकिगत २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मेंदूच्या पुढच्या भागातील गाठीमुळे त्याच्यात अशी वासना उफाळली, गाठ काढल्यावर ती शमली आणि गाठ पुन्हा वाढली तेव्हा परतली. आपण करतो ते चूक आहे, हे त्याला कळत होते; आवर घालता येत नव्हता. बहुतेक रुग्णांत अशी गाठ नसते, हे मी जाणते. पण समज आणि आवर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी त्यावरून दिसते.

मुग्धा:
दोघांच्याही बोलण्यात एक मुद्दा सुटला आहे. स्वीडनमधले ते पुरुष स्वेच्छेने आले होते. ब्रिटनमध्ये १९५२ साली समलैंगिकतेच्या आरोपावरून गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना तुरुंग टाळण्यासाठी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे उपचार स्वीकारावे लागले. हार्मोन तेथेही होते. संमती मात्र नावापुरती होती. आपल्याकडे निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ साली रासायनिक खच्चीकरणाची, म्हणजे औषधाने वासना दाबण्याची, शिक्षा नाकारली, ते योग्यच झाले. पण स्वेच्छेने येणाऱ्यासाठी दार कुठे आहे? बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून अशा लोकांवर गुप्तता राखून उपचार होतात. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या आपल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. असा माणूस डॉक्टरांपुढे तोंड उघडेल कसा?

निशिकांत:
मुग्धाताई, ही अडचण खरी आहे. तरीही कलम १९ सैल करण्यास माझा विरोधच राहील, कारण घरातलाच माणूस अत्याचार करतो तेव्हा मुलाच्या बाजूने उभे राहणारे तेवढेच कलम असते. ज्याच्या हातून काहीच घडलेले नाही, अशा माणसाच्या उपचारापुरती काटेकोर सवलत कुणी मांडली, तर ती मी नक्की वाचेन.