आजारपणातलं कोवळं प्रेम : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. २०११, धाकटा भाऊ १७ चा, गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर. सांगलीहून परळला टाटाला आलो, राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. हाय डोस मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचं पिवळंधम्मक सलाईन असतं, ते चालू असताना लघवीचा पीएच ७ च्या खाली गेला, म्हणजे ती आम्लधर्मी झाली, की किडनीला धोका, म्हणून दर वेळी पट्टी बुडवून बघायची. नांदेडची एक १६ वर्षांची पोरगी, तिलाही तेच. ह्यांचे मेसेज काय, तर 'तुझा किती?' 'साडेसात.' 'हरलास, माझा आठ.' मला आधी वाटलं कसला गेमच चाललाय 😄 पुढे फुप्फुसात पसरलं, घरी आणलं त्याला. तो गेल्यावर चार दिवसांनी तिचा मेसेज, 'आज ८'. मी त्याच्या फोनवरून 'जिंकलीस' लिहिलं. चुकलं का माझं, अजून कळत नाही.

*

मी नर्स आहे. प्रत्येक गोष्टीला प्रेम म्हणायची घाई नको असं मला वाटतं, कधी नुसती सोबत असते. पण एक जोडी होती खरी. केमोने पांढऱ्या पेशींचे काउंट पडले की संसर्गाच्या भीतीने भेट बंद, मग दाराच्या काचेतून खाणाखुणा. एकदा दोन दिवस अबोला, कारण काय तर 'केस आल्यावर तू मला ओळख देणार नाहीस'. मरणावरून भांडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, असल्याच गोष्टींवरून रुसायची.

*

मी लेकीचा फोन काढून घेतला होता. दहावी आहे म्हणून. ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, उलटलेला आणि मी दहावी धरून बसलेले. वीस दिवसांनी परत दिला. ते वीस दिवस...

*

मी स्वतः थॅलेसेमिया मेजर, म्हणजे जन्मापासून रक्ताचा आजार, आता चाळिशी ओलांडली. १९९६ ला पुण्यात दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला जायचे. एक मुलगा मंगळवारचा, तो 'दम लागतो' अशी थाप मारून माझ्या गुरुवारात घुसला, नर्सबाईंना कळलं होतं पण त्या काही बोलल्या नाहीत. शेजारशेजारच्या खाटा, कुणाची पिशवी आधी संपते यावर वडापावची पैज. सारखं रक्त चढवून अंगात लोह साठतं, ते बाहेर काढायला रात्री पोटाला डेस्फेराल या औषधाची सुई लावून आठ-दहा तास पंप चालवायचा असायचा, त्याच्या घरी ते परवडायचं नाही, आठवड्यातून दोनदाच घ्यायचा. लोह हृदयात साठत गेलं. १९ व्या वर्षी गेला.

माझा वार अजून गुरुवारच आहे.