साडेपाच टनी हेलिकॉप्टरच्या दारात कुठली मशिनगन? प्रोजेक्ट अडकलाय, मदत करा

कोथरूडचा_नटबोल्ट

मंडळी नमस्कार. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, चौघांचा ग्रुप आहे आणि आम्ही हौसेहौसेने प्रोजेक्ट घेतला की युटिलिटी हेलिकॉप्टरच्या दारात मशिनगन बसवायची तर माउंट, म्हणजे गन धरून ठेवणारा स्टँड, कसं असावं. हेलिकॉप्टर आपल्या ध्रुवच्या वर्गातलं धरलंय, जास्तीत जास्त वजन साडेपाच टन. आता माउंटचं गणित मांडायला आधी गन ठरवायला लागते ना, तिथेच गाडी रुतलीय. आम्ही पहिल्या रिव्ह्यूला मिनीगन लिहून मोकळे झालो, सर म्हणाले "मिनीगनच का?" आणि आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसलो कारण खरं कारण एवढंच होतं की ती भारी दिसते.

आत्तापर्यंत तीन गोळा केल्यात. एक एफएन मॅग, किंवा तिचीच अमेरिकन बहीण एम२४०, गोळी ७.६२ मिमी, मिनिटाला साधारण साडेसहाशे ते साडेनऊशे. दुसरी एम१३४ मिनीगन, गोळी तीच पण सहा नळ्या आणि मिनिटाला ३०००. तिसरी पॉइंट फिफ्टी म्हणजे १२.७ मिमीची एम३एम, अमेरिकेत तिलाच जीएयू-२१ म्हणतात, ही मिनिटाला हजाराच्या आसपास. हेलिकॉप्टरचं काम म्हणाल तर जवान उतरवणं, जखमी उचलणं, डोंगरात पण आणि समुद्रावर पण. सोमवारी परत रिव्ह्यू आहे. दाराचं ड्रॉइंग खाली टाकलंय, ते पण बघा जमलं तर.

पेठेतला_पाहुणा

डोंगरात पण आणि समुद्रावर पण, म्हणजे एकाच चपलेत लग्न पण आणि राजगड पण. आधी काम ठरवा मग चप्पल घ्या.

बाकी मिनीगनचं म्हणाल तर तुमच्या सरांनी विचारलं ते बरोबरच विचारलं. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५०. हजार गोळ्यांचा बेल्ट लिंकसकट (गोळ्या जोडणाऱ्या कड्या) तीसेक किलो भरतो आणि मिनीगन तो २० सेकंदात संपवते. आता चार हजार गोळ्या घेतल्या तर १२० किलो नुसता दारूगोळा, एका दाराचा, आणि वाजणार किती तर ८० सेकंद. वर गन, मोटर, वायरिंग वेगळं. आणि दोन दारं आहेत ना तुमच्या हेलिकॉप्टरला?

निवृत्त_एमजीवाला

बाळा, मी फौजेत बरीच वर्षं एमएमजीवर (मध्यम मशिनगन) काढली, नंतर हवाई तुकडीशी संबंध आला, आता धानोरीत नातवाला सांभाळतो. तुझ्या तिन्ही गनची नावं वाचली पण एक गोष्ट तू मोजलीच नाहीस, गनर. गन स्वतः चालत नाही. हेल्मेट, जॅकेट, हार्नेस, पाण्याची बाटली धरून एक माणूस शंभर किलोच्या घरात जातो, दोन दारांना दोन. म्हणजे तू गन लावलीस त्या क्षणी तुझ्या हेलिकॉप्टरमधले दोन जवान खाली उतरले असं समज, अजून एकही गोळी चढवलेली नाही. मैदानात हे खपून जातं. लेहच्या वर हवा पातळ, पंख्याला धरायला काही मिळत नाही, तिथे पायलट एकेक किलोवरून भांडतो. मी पाहिलंय, आमच्या पेट्या परत खाली उतरवायला लावल्या होत्या, आणि त्या आम्ही पहाटे चार वाजता हातमोज्यांनी लिंक मोजून मोजून भरल्या होत्या.

म्हणून डोंगरासाठी माझं मत मॅग. आपल्याकडे तीच एमएमजी म्हणून पायदळात आहे, कानपूरला बनते, गोळी आपली नेहमीची ७.६२ नाटो, पोरांचे हात त्यावर बसलेले असतात. स्टॉपेज आलं, म्हणजे गन अडकली, तर अंधारात डोळे मिटून काढतात. शिवाय बारा-एक किलोची गन आहे, हेलिकॉप्टर खाली बसवावंच लागलं तर उचलून घेऊन पळता येतं. अमेरिकन लोकांनी तर त्यांच्या एम२४०एच सोबत बट (खांद्याला लावायचा दांडा) आणि बायपॉडचा (दोन पायांचा टेकू) संच याच कामासाठी दिलाय. मिनीगनला २८ व्होल्ट लागतात. हेलिकॉप्टरची वीज गेली की ते सहा नळ्यांचं झुंबर.

औंध_एअरो

काकांशी वजनाबद्दल सहमत पण मिनीगनला एवढं मोडीत काढू नका, तिची एक बाजू कुणी सांगतच नाही.

समजा हेलिकॉप्टर १०० नॉटने चाललंय, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. गन दाराला काटकोनात धरून नुसतं बटण दाबलं. मॅग सेकंदाला बारा-साडेबारा गोळ्या टाकते, म्हणजे जमिनीवर दर चार मीटरला एक गोळी. मिनीगनची दर मीटरला एक. चार मीटरच्या फटीत माणूस आरामात लपतो, मीटरच्या फटीत नाही. डोअर गनरला नेम धरायला दोन-तीन सेकंद मिळतात, समोरच्याला डोकं वर काढू न देणं हे त्याचं काम, तिथे दाटपणाला किंमत आहे. जवान उतरवताना शेवटचे दहा-पंधरा सेकंद सगळ्यात वाईट आणि मिनीगन नेमकी तेवढ्यासाठीच असते, तासभर वाजवायला नाही.

आता नेमाचं. पूर्वी सायकलवरून पेपर टाकणारी पोरं आठवतात का, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बरोबर पडायचा पेपर? तो कधीच गॅलरीसमोर येऊन फेकायचा नाही, आधीच सोडायचा, सायकलचा वेग पेपरला मिळतो म्हणून. इथे पण तेच. गोळी नळीतून ८४० मीटरने निघते आणि वर हेलिकॉप्टरचे ५१ तिला आडवे मिळतात, म्हणजे ती साडेतीन अंश पुढे सरकते, ५०० मीटरवर सरळ ३० मीटर पुढे! म्हणून गनर लक्ष्याच्या मागे नेम धरतो, जमिनीवर शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. अजून एक गंमत, नळीतले आटे गोळीला उजवीकडे फिरवतात आणि बाहेर पडल्या पडल्या तिला समोरचा वारा बाजूने लागतो, त्यामुळे डाव्या दारातली गोळी किंचित वर जाते आणि उजव्या दारातली किंचित खाली. दोन्ही दारांना एकच साइट (नेम धरायचं साधन) लावून चालत नाही. हे रिव्ह्यूत टाका, सर खुर्चीत सरळ बसतील.

निवृत्त_एमजीवाला

पेपरवाल्याचं एकदम बरोबर सांगितलंत साहेब. आम्हाला कुणी साडेतीन अंश सांगितले नव्हते, उस्ताद एवढंच ओरडायचा, "पीछे मार, पीछे!"

दाटपणाचं पण मान्य. पण मग एकाच दाराला मिनीगन का नाही, असं पण कुणीतरी विचारेल. विचारू नका, बॅलन्सवरून पायलट बोलेल.

चिंचवड_नवखा

मधेच विचारतो, राग मानू नका. ५.५६ ची इन्सास एलएमजी (हलकी मशिनगन) का नको? ती तर आपल्या पाषाणच्या एआरडीईने (डीआरडीओची शस्त्र-संशोधन प्रयोगशाळा) डिझाइन केलेली, हलकी, गोळी हलकी, वजनाचा सगळा प्रश्नच मिटला की.

पेठेतला_पाहुणा

पाषाणची म्हणून अभिमान आहेच, पण ती मॅगझिनवर चालते, तीस गोळ्यांच्या. थरथरत्या दारात, वाऱ्यात, दर तीन सेकंदाला मॅगझिन बदलत बसा. दारात बेल्टच हवा. आणि ५.५६ ची गोळी लांबवर दम टाकते, ७.६२ आठशे-हजार मीटरपर्यंत काम करते. हलकी बेल्टवाली ७.६२ हवी असेल तर इस्रायली नेगेव्ह एनजी-७ बघा, २०२० मध्ये आपण १६,४७९ घेतल्या, ८८० कोटींना. त्या पायदळासाठी घेतल्या, दारासाठी नाही, पण वजनाच्या तक्त्यात एक ओळ म्हणून चालेल.

एमआय-१७ हेलिकॉप्टरवर रशियन पीकेटी मशिनगन लावतात ती पण यादीत टाका, पण लक्षात ठेवा तिची गोळी ७.६२ असली तरी ५४ मिमी लांब पुंगळीची, काठवाली, आपल्या नाटोवाल्या ५१ मिमीच्या गनमध्ये जात नाही. स्टोअरवाल्याला दोन वेगळ्या पेट्या सांभाळायला लागतात.

कुलाबा_ते_कात्रज

समुद्राचं कुणीच बोललं नाही म्हणून मी. तिथे मॅगवर अडून बसू नका. लाकडी बोट, इंजिन, डिझेलची टाकी, शिवाय समोरून पण कुणीतरी मारत असतो, म्हणजे तुम्हाला त्याच्या टप्प्याच्या बाहेर राहून मारायचंय. १२.७ ची गोळी अठराशे मीटरपर्यंत काम करते. आपल्या ध्रुवच्या मार्क थ्री सागरी आवृत्तीत जड मशिनगन घातलीय ती उगाच नाही. आणि २०१९ ला अमेरिकेने नौदलासाठीच्या २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरची जी यादी जाहीर केली होती त्यात एम२४०डी पण होत्या आणि जीएयू-२१ पण, बारा-बारा. म्हणजे पाहुण्यांचं चपलेचं म्हणणं अमेरिकन लोकांना पण पटलेलं दिसतं, दोन जोड ठेवले.

पॉइंट फिफ्टी घेणार असाल तर जुनी एम२ दारात लावू नका, एम३एमच घ्या. एम२ मिनिटाला साडेचारशे ते सहाशे, आणि ती बंद बोल्टवर (बोल्ट म्हणजे गोळी मागून दाबून धरणारा भाग) चालते, म्हणजे ट्रिगर सोडला तरी एक गोळी तापलेल्या चेंबरमध्ये बसून राहते. ती आपसूक उडाली तर? एम३एम उघड्या बोल्टवर, थांबली की चेंबर रिकामं आणि वारा आत. मॅग पण तशीच. पण एम३एम छत्तीस किलोची आणि शंभर गोळ्यांची पेटी १६ किलोच्या आसपास, सहाशे गोळ्या म्हणजे शंभरीला टेकलात. धक्का पण दांडगा, म्हणून तिचं माउंट मऊ असतं, स्प्रिंगांवर मागेपुढे सरकणारं. माउंटचा प्रोजेक्ट आहे ना तुमचा? मग खरी मजा या गनमध्येच आहे बघा.

आणि अमेरिकन कोस्ट गार्डची एक तुकडी आहे, हिट्रॉन नावाची, ड्रग्जवाल्या स्पीडबोटी अडवायला. ते एम२४० नुसती इशाऱ्याला वाजवतात, बोटीच्या पुढे पाण्यात. इंजिन मारायला मशिनगन वापरतच नाहीत, जड रायफल काढतात आणि एकेक गोळी आउटबोर्डमध्ये घालतात, कारण बोटीतली माणसं जिवंत पकडायची असतात. म्हणजे कधी कधी उत्तर मशिनगन नसतंच.

कोथरूडचा_नटबोल्ट

बापरे. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकलेत सगळे, तिघं जण वाचतायत, एकजण झोपलाय.

आत्ता असं ठरतंय की डोंगरासाठी धरू, गन मॅग, दोन्ही दारांना प्रत्येकी हजार गोळ्या, म्हणजे गन आणि बेल्ट मिळून साधारण ८५ किलो, माउंट धरून सव्वाशेच्या आत बसवायचं. माउंट असं करायचं की पुढे कुणाला एम३एम लावायची असेल तर मधला तुकडा बदलून लावता यावी, धक्क्याचं गणित तिच्याच आकड्याने करायचं. काका, ड्रॉइंग बघितलंत का?

निवृत्त_एमजीवाला

बघितलं. चष्मा लावून बघितलं.

पहिली गोष्ट, रिकाम्या पुंगळ्या आणि लिंका कुठे पडणार? तू दाखवलंच नाहीस. त्या बाहेर पडल्या की वाऱ्याने मागे जातात आणि मागे शेपटीचा पंखा आहे. पितळेचा तुकडा त्याला लागला तर गन कुठली होती हे विचारायला कुणी उरत नाही. पिशवी लाव नाहीतर खाली सोडणारी नळी लाव. आतल्या बाजूला उडत असतील तरी पिशवी हवीच. माझ्या कॉलरमधून एक गरम पुंगळी आत गेली होती, सरावाच्या वेळी, हार्नेसमध्ये बांधलेला, काढता येईना. खूण अजून आहे.

दुसरी, अटकाव. गनला सगळीकडे फिरू देऊ नकोस. वर पंखा, मागे शेपूट, पुढे पायलट, खाली चाक. लोखंडी थांबे दे, गनरच्या अकलेवर सोडू नको. व्हिएतनाममध्ये ह्युई हेलिकॉप्टरच्या दारात पोरं एम६० मशिनगन रबरी दोरीला टांगून वापरायची, मोकळी फिरते म्हणून आवडायची, पण मोकळी म्हणजे स्वतःच्या पंख्याकडे पण मोकळी.

तिसरी सगळ्यात मोठी. तू खांब बरोबर दाराच्या मधोमध उभा केलायस. जवान उतरणार कुठून? गनरच्या मांडीवरून?

कोथरूडचा_नटबोल्ट

😐

औंध_एअरो

हाहा काका. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरमध्ये याच्यासाठीच पायलटच्या लगेच मागे गनरची वेगळी खिडकी आहे, मोठं दार मोकळं राहतं. ह्युईत दाराच्या मागच्या कोपऱ्यात बसवायचे.

कोथरूडचा_नटबोल्ट

म्हणजे दाराच्या मशिनगनच्या प्रोजेक्टमध्ये मशिनगन दारात नको. आता हे सोमवारी सरांना कोण सांगणार.

निवृत्त_एमजीवाला

जो झोपलाय त्याला पाठव. आणि खिडकी काढलीस की इथे टाक, गनरच्या गुडघ्याला जागा उरते का ते बघतो.