मदत हवी: बूट होताना हार्डडिस्कचा कंट्रोलर लटकतो, चवथीआधी डिस्क उघडायलाच हवी

अंत्रुजकर
तीन दिवस झाले, डोकं फिरलंय. लिनक्स बूट होताना मध्येच कंट्रोलर मरतो, स्क्रीनवर एटीए ७ (म्हणजे डिस्कचं सातवं पोर्ट) फ्रोझन, मग हार्ड रिसेटिंग लिंक, मग परत तेच, असं पाच-सहा वेळा, मग दीड मिनिटाचा काउंटर फिरतो आणि शेवटी इमर्जन्सी मोड म्हणून रूटचा पासवर्ड मागत बसतो. परवा रात्री जोराचा पाऊस झाला, लाईट दोनदा गेली आली, त्यानंतरच हे सुरू झालं. मी काहीही बदललेलं नाही. त्या डिस्कवर माझ्या वडलांच्या घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) आरत्यांची सगळी रेकॉर्डिंगं आहेत, ४१ कॅसेटी मी स्वतः बसून उतरवल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या कॅसेटींना आता बुरशी लागलीय. चवथ (गणेशचतुर्थी) दहा दिवसांवर आलीय, पोरांना चाली ऐकवायच्यात. डिस्क ज्याला जोडलीय ते कंट्रोलरचं कार्ड गेलं की डिस्क गेली एवढंच सांगा, उद्या फोंड्याला जाऊन नवीन आणतो.

शुक्रवारचा_बाजार
केबल. डोळे झाकून सांगतो, केबल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, मी म्हापशात पंधरा वर्षं मशीनं उघडतोय, दर पावसाळ्यात हेच. कार्ड काढ, सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने हळू घास, सुक्या कापडाने पूस, परत बसव आणि साटा केबल नवीन घाल, शंभर-दीडशेचं काम. लोक उगाच डिस्क फेकतात.

कर्नलकाका
अंत्रुजकर, नवीन काही आणू नका अजून. माहिती अपुरी आहे. कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला अवतार), कुठलं कर्नल (लिनक्सचा गाभा), कार्ड म्हणजे कुठलं कार्ड, किती डिस्का, सिस्टीम कुठल्या डिस्कवर आहे, आणि फ्रोझनच्या आधी वर काय लिहून येतं? शेवटची ओळ सगळे सांगतात, रोग पहिल्या ओळीत असतो.

अंत्रुजकर
डेबियन १०. कार्ड म्हणजे साधं पीसीआय-ई कार्ड चार पोर्टांचं, ऑनलाईन घेतलेलं, चार वर्षं चालतंय. सिस्टीम एसएसडीवर आहे ती मदरबोर्डला, ती ठीक आहे. कार्डावर ४ टीबीच्या दोन डिस्का. वरचं सगळं भराभर निघून जातं, वाचता येत नाही. खोडरबराने घासून झालं, केबल पण बदलली, फरक शून्य.

रायबंदर_फेरी
सोपं आहे, लाईट गेली म्हणजे फाईलसिस्टीम बिघडली. इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड टाक, एफएसके (फाईलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालव, सगळ्याला वाय म्हण. माझं दोनदा असंच ठीक झालं.

पेडणेकरीण
कृपा करून असं काही करू नका!! कंट्रोलर मध्येच मरतोय अशा अवस्थेत एफएसके म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि अर्धं लिहून झाल्यावर लिंक तुटली तर जे शाबूत आहे तेही जाईल. मी लग्नाचे फोटो असे घालवलेत, स्वतःच्या हाताने, वाय वाय करत. आधी स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, डिस्क आजारी असेल तर डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज घ्या, मग जी काय दुरुस्ती करायची ती त्या इमेजवर.

रायबंदर_फेरी
इमेज घ्यायला ४ टीबीची रिकामी डिस्क कुणाकडे पडलेली असते? दोन डिस्का म्हणजे दोन. प्रॅक्टिकल बोला.

पेडणेकरीण
नसेल तर उसनी मागा, शेजाऱ्याकडे मागा, पण वडलांचा आवाज आहे तो. परत कुठून आणणार.

बिचोलीचा_नेटवाला
दादा माझं मत विचारशील तर लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घाल, बूट दहा सेकंदात होतं. माझा जुना लॅपटॉप आता विमानासारखा उडतो. ५१२ जीबी पुष्कळ झाली.

कर्नलकाका
नेटवाले, त्याला वेग नकोय, डेटा हवाय. अंत्रुजकर, एटीए ७ एकटाच मरतो की ८ पण? स्मार्टचे आकडे ५, १९७ आणि १९९ बघून सांगा, दोन्ही डिस्कांचे. पाच म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताना अडलेले, १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. केबल दगा देत असेल तर १९९ चढलेला दिसतो आणि केबल बदलली म्हणून तो परत शून्य होत नाही, त्यामुळे जुनं पापही दिसेल.

अंत्रुजकर
७ आणि ८ दोन्ही मरतात. स्मार्ट बघितला, रिकव्हरी मोडात जाऊन. दोन्ही डिस्कांचे तिन्ही आकडे शून्य. मग कार्डच गेलं ना? सांगा एकदाचं.

कर्नलकाका
थांबा थांबा. रिकव्हरी मोडात तुम्हाला दोन्ही डिस्का दिसल्या? त्याच कार्डावरून?

अंत्रुजकर
हो दिसल्या, नाहीतर स्मार्ट कसा बघितला. फोल्डर पण उघडले, फाईली आहेत. पण रिकव्हरीत काय उपयोग, मला रोजच्यासारखं चालू करायचंय.

कर्नलकाका
अहो हेच पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तेच कार्ड, त्याच डिस्का, तीच केबल, तेच कर्नल, आणि रिकव्हरीत सगळं चालतं, म्हणजे हार्डवेअर धडधाकट आहे. मग फरक उरतो तो कर्नलला ग्रबमधून (बूट सुरू करून देणारा प्रोग्राम) दिलेल्या ओळीत. डेबियनमध्ये ग्रबच्या डिफॉल्टवाल्या ओळीत जे लिहिलेलं असतं ते फक्त नेहमीच्या बूटला लागतं, रिकव्हरीला लागत नाही. त्या ओळीत काय आहे ते जसंच्या तसं लिहा. आणि नेहमीचं बूट फसल्यावर इमर्जन्सी मोडमध्ये डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून डीएमएआर हा शब्द शोधा.

शुक्रवारचा_बाजार
रिकव्हरीत चाललं म्हणजे केबल हलली असेल तेव्हा नीट बसली. मी अजून केबलच म्हणतो.

सुवारीवेडा
विषय वेगळा आहे माफ करा, पण या घुमट आरत्या कुठल्या गावच्या? साल कुठलं? घोरपडीच्या चामड्याचं घुमट आता वाजत नाही, बंदी आहे आणि बरोबरच आहे, बकऱ्याच्या कातड्यावर आता वाजवतात, पण तो जुना नाद ज्यांनी टेपवर धरून ठेवला त्यांच्याकडे सोनं आहे. २०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य केलं, पण जुनं रेकॉर्डिंग किती घरांत नीट ठेवलंय?

पेडणेकरीण
बकऱ्याचं कातडं पण नीट ताणलं आणि ऊन दाखवलं तर छान बोलतं, आमच्याकडे शामेळवाला (साथीचा ढोल वाजवणारा) आधी घुमट कानाला लावून बघतो मगच सुरू करतो. जुनं ते सगळं सोनं असं नाही हो.

सुवारीवेडा
ताई नाद वेगळा तो वेगळाच, बोट काढल्यावर जो मागे घुमतो त्याबद्दल बोलतोय मी.

अंत्रुजकर
१९८८ ते ९४ मधल्या आहेत, आमच्या वाड्यावरच्या. नंतर बोलू यावर. कर्नलकाका, सापडलं, फोनवरून मराठी कीबोर्डने लिहितोय म्हणून असं लिहितो: डीएमएआर, डीएमए राइट, रिक्वेस्ट डिव्हाइस ०२:००.१, फॉल्ट रीझन ०२, आणि पुढे प्रेझेंट बिट क्लिअर असं काहीतरी. ही ओळ फ्रोझनच्या आधी येते. आणि ग्रबच्या ओळीत क्वायट आहे आणि इंटेल आयओएमएमयू इज इक्वल टू ऑन आहे. ते मी घातलं होतं, पण त्याला तीन आठवडे झाले, त्याचा काय संबंध?

कर्नलकाका
सगळा संबंध तिथेच आहे. तीन आठवड्यांत मशीन एकदा तरी रिस्टार्ट केलं होतं?

अंत्रुजकर
नाही. चालूच असतं. परवा लाईट गेली तेव्हाच बंद पडलं. दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं म्हणून व्हर्च्युअल मशीन करायचं होतं, एका व्हिडिओत सांगितलं तसं बायोसात व्हीटी-डी ऑन केलं, चालू करून ती ओळ घातली, अपडेट ग्रब मारलं आणि राहून गेलं. हे बदल म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

कर्नलकाका
आता ऐका. एलएसपीसीआय (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) चालवाल तर तुमचं कार्ड ०२:००.० या पत्त्यावर दिसेल, शेवटी शून्य. एररमध्ये शेवटी एक आहे, आणि ०२:००.१ नावाचं यंत्र तुमच्या मशीनमध्ये नाहीच. काही साटा चिपांना ही खोड आहे, नाव सांगतात शून्य आणि मेमरीत लिहायला जाताना सही करतात एक. आयओएमएमयू, इंटेलच्या भाषेत व्हीटी-डी, म्हणजे मेमरीच्या वेशीवरचा राखणदार समजा. तो बंद असेल तर सही कोणी बघत नाही, म्हणून चार वर्षं सुखाने चाललं. चालू केल्यावर त्याच्या वहीत ०२:००.० ची नोंद आहे, एकची नाही, तो लिहू देत नाही. कार्ड उत्तर देऊ शकत नाही, कर्नल वाट बघून कंटाळतं, टाईमआऊट, लिंक रिसेट, परत तेच. दोन्ही डिस्का एकदम मेल्या तेव्हाच मला वाटलं होतं की दोष दोघींच्या सामाईक गोष्टीत आहे. नव्या कर्नलमध्ये अशा चिपांची यादी घातलेली असते, त्यात दोन्ही नावं एकच धरतात, जुन्यात सगळ्या चिपा नसतात.

आत्ता करायचं ते: ग्रबचा मेनू आला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीत जाऊन ऑनच्या जागी ऑफ लिहा, कंट्रोल एक्स दाबा. हा बदल एका बूटपुरताच असतो, घाबरायचं कारण नाही. चाललं तर ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाईलमधून तो शब्द कायमचा काढा आणि अपडेट ग्रब मारा. व्हर्च्युअल मशीनला व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) पुरतं, व्हीटी-डी फक्त एखादं कार्ड थेट मशीनच्या आत द्यायचं असेल तरच लागतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नको. आणि एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्का लावायच्या त्याची यादी) त्या डिस्कांच्या ओळीला नोफेल घाला, पुढे कधी डिस्क दिसली नाही तरी मशीन इमर्जन्सीत जाऊन अडणार नाही.

रायबंदर_फेरी
हे नवीन कळलं. एफएसकेचं मागे घेतो.

अंत्रुजकर
आलं!!! ऑफ केलं, एकही रिसेट नाही, दोन्ही डिस्का लागल्या. फाईलमधून पण काढलं, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं. काका, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. पहिली फाईल लावली ती १९९१ च्या चवथीची, सुरुवातीला बाबा कुणाला तरी कांसाळें (झांज) हळू धर म्हणतात आणि मागे पाऊस ऐकू येतो कौलांवर. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

पेडणेकरीण
वाचून बरं वाटलं. पण आज रात्रीच दुसरी कॉपी करा, मशीन चालू झालं म्हणून राहू देऊ नका.

अंत्रुजकर
आरसिंक लावलंय ताई, भाच्याची डिस्क आणली. ४१ पैकी १७ कॅसेटी झाल्या आत्तापर्यंत. सुवारीवेडा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ९१ ची पाठवतो.

शुक्रवारचा_बाजार
अभिनंदन. काढलेली जुनी केबल मात्र परत घालू नकोस.