उघड्यावरच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग म्हणजे पैसे पाण्यात?

बोनेटवाला (धागाकर्ता)

मे संपत आला की मुंबईत दोन गोष्टींची विचारपूस सुरू होते, वायपर ब्लेड आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवून कडक होणारा काचेरी पातळ थर). वायपर बदला, त्यात वाद नाही. कोटिंगबद्दल मात्र माझं मत विरुद्ध आहे. जी गाडी सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला उघड्यावर उभी राहते आणि जिच्यावर रोज पहाटे कुणीतरी ओलं फडकं मारतं, तिला सिरॅमिक करू नये. मेअखेर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा पॉलिमर सीलंट (हाताने लावायचं कृत्रिम वॅक्सच म्हणा) लावावा, बस्स.

आधी एक घोळ मिटवू. "पॉलिश मारून देतो" या एका वाक्यात दुकानदार दोन उलट कामं कोंबतो. पॉलिश रंग घासतं, म्हणजे काढतं. वॅक्स, सीलंट, कोटिंग हे सगळं वर बसतं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०, आणि ऊन अडवणारी द्रव्यं त्यातच असतात. कंपाउंडच्या (रंग घासायच्या पेस्टच्या) एका जोरदार हातात त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्यांच्या गाड्यांच्या कडा आणि बोनेटची मधली उभार रेघ आधी का पांढुरकी पडते, ते यावरून कळेल. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाबही तिथेच जास्त पडतो.

सिरॅमिकच्या आधी पत्रा निर्दोष लागतो, कारण कोटिंगखाली रेघोट्या कोंडल्या की कोंडल्या. म्हणजे आधी मशीनने क्लिअर कोट उतरवायचा, मग वर एक-दीड मायक्रॉनचं कोटिंग चढवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर तेच धुळकट फडकं. ते '9H' वगैरे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाला पेन्सिलीशी काही देणंघेणं नसतं.

सीलंटची रीत: गाडी धुवून पूर्ण कोरडी करा. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोनेटवर फिरवा. खरखर लागली तरच क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा, नाहीतर नको. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, हॅचबॅकला एकूण २० ते २५ मिली पुरतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर तिथे पांढरे डाग बसतात आणि काढता काढता जीव जातो. दहा-पंधरा मिनिटांनी बोट ओढून बघा. स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरने पुसा. चिकट ओढ लागली तर अजून थांबा. पुढचे बारा तास पाणी नको.

---

खारी हवा

असहमत. तुमची सगळी मांडणी ओरखड्यांवर आहे. मुंबईत रंग खराब होण्याचं मोठं कारण रासायनिक आहे, आणि त्याचं नाव कबुतर.

शिटेत युरिक ॲसिड असतं, पण खरी गंमत उन्हाची आहे. तापलेला क्लिअर कोट फुगतो आणि मऊ पडतो. वरची शिट वाळून कडक होते. संध्याकाळी रंग गार होऊन आकसतो तो त्या कडक कवचाच्या आकारात. म्हणून डाग पुसला तरी तिथे खळगा दिसतो. उघड्यावरच्या काळ्या गाडीला मे महिन्यात काही तास पुरतात. कार्नोबा वॅक्सचा किंवा सीलंटचा थर तिथे फारसा टिकत नाही, चांगलं सिरॅमिक तुम्हाला निदान संध्याकाळपर्यंत वेळ देतं. वर रेन ट्रीखाली पार्किंग असेल तर मिलीबगचा (पिठ्या ढेकणाचा) चिकट पाझर आहेच. सिरॅमिकवरून तो बहुतेक वेळा साध्या शांपूने निघतो. वॅक्सवर घासावा लागतो, आणि घासणं म्हणजे तुमच्याच त्या रेघोट्या.

हिशेबही बघा. वर्षातून दोनदा सीलंट म्हणजे तीन वर्षांत सहा वेळा तयारी. प्रत्येक क्ले थोडी का होईना, धूसर झाक सोडतो आणि ती काढायला पुन्हा पॉलिश. क्लिअर कोट तुम्हीही उतरवताय, फक्त हप्त्याहप्त्याने.

9H बद्दल सहमत. तो आकडा बाटलीवरून खोडला तरी चालेल.

---

फिरता पॅड

दोघंही पाण्याबद्दल गप्प आहात.

पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा वगैरे तलावांतलं, म्हणजे पावसाचं, मऊ. पण गाड्या धुवायला बऱ्याच सोसायट्यांत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी असतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. कोटिंगवर पाण्याचे टपोरे मणी उभे राहतात. ज्यांचे व्हिडिओ बघून लोक पैसे भरतात, तेच हे मणी. प्रत्येक मणी उन्हात आटला की त्याच्या जागी क्षाराची गोल कडी उरते. पन्नास मणी, पन्नास कड्या. उलट साध्या वॅक्सचा थर झिजत जातो आणि बरेच डाग त्याच्याबरोबर जातात. कोटिंगमधली कडी वेळीच काढली नाही तर ती पॉलिशनेच निघते, म्हणजे कोटिंगसकट.

ताजी कडी काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात. कपडा भिजवून मिनिटभर डागावर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. उन्हात करू नका आणि व्हिनेगर वाळू देऊ नका.

दुसरं म्हणजे जुलैत कोटिंग करवून घेणारे. बरीच कोटिंग्ज हवेतल्या दमटपणाने पकडतात, म्हणजे घट्ट होतात. मुंबईच्या जुलैत ती इतक्या झटकन पकडतात की पुसायला उशीर झाला तर इंद्रधनुषी ठिपके तसेच घट्ट होतात. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून मोठा तुकडा घेऊच नये. तिरका टॉर्च मारून लगेच बघा, कारण दुसऱ्या दिवशी तो ठिपका फक्त मशीनने जातो. वर एक दिवस पूर्ण कोरडं आणि आठवडाभर शांपू नाही, ही अट पावसाळ्यात उघड्यावरची गाडी पाळणार कशी? करायचंच तर डिसेंबर-जानेवारीत करा.

---

दोन बादल्या

मूळ दोषी फडकं आहे आणि सगळे बाटल्यांवर भांडतायत.

एक बादली, एक फडकं, आठ-दहा गाड्या. तिसऱ्या गाडीपासून बादलीच्या तळाशी पाऊण इंच माती. त्यात मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ मिसळली की तो सँडपेपरच. टपावरून सुरुवात करून खाली दारांच्या तळापर्यंत आणि मग तेच फडकं पुढच्या बोनेटवर. सूर्यप्रकाशात दिसणारी कोळिष्टकासारखी गोल जाळी तिथून येते. पुसणाऱ्याला दोष देऊ नका, त्याला गाडीमागे मिळतातच तीन-चार मिनिटं. त्याला सांगा: काचा, आरसे, नंबरप्लेट रोज पूस, पत्र्याला हात लावू नकोस.

पाइप लावायला बंदी असेल तर रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावा न लागणारा शांपू) वापरा. दहा लिटर पाण्यात साधारण ४० मिली (बाटलीवरचं माप बघून घ्या), त्यात सहा-आठ मायक्रोफायबर एकदम भिजवा. एका पॅनेलला एक कपडा, घडी उलटत जायची, वापरलेला कपडा बादलीत परत नाही. आणि पाण्यात रॉकेलचे चार थेंब टाकणं बंद करा. दिसते ती चमक तेलाची. खालचं वॅक्स रॉकेल विरघळवतं आणि वर धूळ चिकटवून ठेवतं.

---

कार्नोबा कट्टा

वॅक्सची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितोय. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे "मुंबईच्या उन्हात वॅक्स वाहून जातं" हे थेट खरं नाही. डब्यात तेलं आणि द्रावकं मिसळलेली असतात, ती आधी उडतात. पण जून ते सप्टेंबरच्या दोन हजार मिलिमीटरवर पावसात थर तीन-चार आठवड्यांतच संपतो, हे मान्य. म्हणून नोव्हेंबर ते मे. गडद लाल किंवा काळ्या रंगावर जी खोली येते ती सिरॅमिकच्या काचेरी चमकीला नाही. आवडीचा भाग, सोडा.

जुन्या पद्मिनीसारख्या गाडीवर क्लिअर कोट नसतोच. तिथे घासल्यावर कपड्याला रंग लागला की घाबरू नका. तेलकट, कमी धारेचं पॉलिश हाताने आणि वर वॅक्स. तिथे मशीन आणि सिरॅमिकचा आग्रह धरणारा कारागीर टाळा.

---

नवी पाटी

शोरूममध्ये गाडी घेतानाच टेफ्लॉन कोटिंग गळ्यात मारतायत. घ्यावं का?

---

फिरता पॅड

नको. टेफ्लॉनचं मूळ द्रव्य ३२७ अंशांच्या आसपास वितळतं. तव्यावर ते भट्टीत बसवतात, गाडी भट्टीत घातली तर सीटही वितळतील. तुम्हाला मिळतो तो साधा सीलंट. तेवढ्या पैशात दहा वर्षांचा येईल.

---

बोनेटवाला

खारी हवा, कबुतराचा मुद्दा मान्य. पण एक अडचण तुम्ही टाळलीत. मुंबईत बंपर आणि मागचं दार कधी ना कधी बाइकचं हँडल खातंच. डेंटिंग-पेंटिंग झालं की त्या पॅनेलवरचं कोटिंग गेलं. नव्या रंगातली द्रावकं बाहेर पडायला दोन महिने तरी मोकळा सोडावा लागतो, त्यावर काहीच लावायचं नाही. मग एका पॅनेलपुरतं कोटिंग, तेही त्याच कंपनीचं, शोधत फिरा. सीलंटला हा प्रश्नच नाही.

नव्या, बंदिस्त पार्किंगमधल्या, स्वतः धुतल्या जाणाऱ्या गाडीला सिरॅमिक जरूर करा. उघड्यावरच्या गाडीबद्दल माझं मत तेच.

---

खारी हवा

बंदिस्त पार्किंगमध्ये कबुतराची शिट पडत नाही हो, तिथे सिरॅमिक कशाला? मला उघड्यावरच हवं आहे. रंग लागलेलं पॅनेल दोन महिने उघडं ठेवा, बाकीची गाडी तर झाकलेली राहील.

तोवर त्या पॅनेलवर शिट पडली तर टिश्यू पाण्यात भिजवून पाच मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की कडेने उचला. पुसू नका, शिटेत वाळू असते. सुकी शिट नखाने खरवडणाऱ्यांना कोटिंग विकू नये असं माझं मत आहे.