आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो कधी काढायचा?

मोठे काका: सर्वांना नमस्कार. रविवारचा कार्यक्रम असा. गुरुजी १० वाजता पूजा सुरू करतील. ८१ दिव्यांनी ओवाळणं साडेअकराला. साडेबाराला अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो, मग पंगत. फोटोला कोणी उशीर करू नये.

ठाण्याची ताई: काका, बाकी सगळं छान ठरलंय. फक्त फोटोची वेळ बदलू या का? साडेबाराला ऊन डोक्यावर असतं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, सगळे डोळे बारीक करून उभे राहतात. आणि आपली सहा वर्षांखालची ९ पोरं तेव्हा भुकेली आणि झोपेला आलेली असणार.

नाशिकचा दादा: मुंजीच्या वेळचं आठवतंय. पाऊण तास उभे होतो उन्हात.

ठाण्याची ताई: तेच आठवून लिहितेय दादा. आजोबांचा आपल्या सगळ्यांसोबतचा तो शेवटचा फोटो. आजोबा इतके छान हसतायत, आणि मागची निम्मी माणसं मान वळवून पोरांना 'समोर बघ, समोर बघ' म्हणतायत. माझं तर तोंडच दिसत नाही त्यात. पोरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, वेळ आपणच चुकीची धरली होती.

धाकटी आत्या: मग उन्हं उतरल्यावर काढू.

मोठे काका: मुंबईची मंडळी ४ ला निघणार.

ठाण्याची ताई: पूजेआधी काढू. सव्वानऊला. पोरं न्याहारी करून ताजी असतात.

मोठे काका: सकाळी अंगणात ऊन थेट तोंडावर येतं. घर पूर्वाभिमुख आहे आपलं.

ठाण्याची ताई: म्हणून परसात. सकाळी तिथे घराचीच सावली असते. मागच्या पडवीच्या पायऱ्यांवर तीन रांगा आपोआप होतील.

धाकटी वहिनी: विहिरीचं काय? माझा मोठा एका जागी ठरत नाही.

मोठे काका: जाळी बसवून घेतली आहे सूनबाई. काळजी नको.

धाकटी वहिनी: मग सव्वानऊ मला सोयीचं आहे. बाळ ९ ला दूध पिऊन खुशीत असतं, साडेदहाला झोपतं. आणि जरीचं झबलं फोटोपुरतंही नको, टोचतं त्याला. सुती घालीन.

धाकटी आत्या: अगं, चॉकलेट दाखवलं की बसतात सगळी गप्प.

ठाण्याची ताई: आत्या, चॉकलेट फोटो झाल्यावर दे. आधी दिलं तर तोंडं माखतात, आणि एकाला मिळालं की बाकीची आठ रडतात.

फोटोग्राफरशी बोलले आहे मी. आधी मोठी माणसं आपापल्या जागी बसतील, आजी मधोमध खुर्चीत. पोरांना सगळ्यात शेवटी बोलवायचं. दोन वर्षांखालची कडेवर, पण चेहरा मोठ्यांच्या चेहऱ्याजवळ येईल अशी वर धरायची. बाकीची कुणाच्या तरी मांडीवर. पुढे एकटी उभी केली की पळतात. आवाज एकट्या दादाने द्यायचा, फोटोग्राफरच्या बरोबर मागे उभं राहून, देवघरातली घंटा वाजवून. दहा दिशांनी हाका आल्या की पोरं दहा दिशांना बघतात. आणि आपण सगळ्यांनी कॅमेऱ्याकडेच बघत राहायचं, शेजारचं पोर रडलं तरी. ते बघेल तेव्हा बघेल. ३८ माणसांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच, म्हणून तो स्टँडवरून लागोपाठ १५-२० फोटो घेणार आहे. स्टँड हलला नाही तर एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात नीट बसवता येतो. पाच मिनिटांत पोरं मोकळी.

नाशिकचा दादा: घंटा माझ्याकडे लागली. मोबाइलवर पण काढून ठेवू का?

ठाण्याची ताई: काढ, पण पोर्ट्रेट मोड बंद ठेव. मागची रांग धूसर करतो तो. आणि अगदी जवळून वाइडवर घेऊ नकोस, कडेची माणसं ताणली जातात. चार पावलं मागे जा.

नंतर आजी आणि पणतवंडं, एवढ्यांचाच सतरंजीवर एक काढायचाय. आजीने चिंचोके मांडायचे, पोरं आपोआप गोळा होतील. तेव्हा कुणी 'इकडे बघ' म्हणू नका प्लीज. फोटोग्राफर खाली बसून, त्यांच्या उंचीवरून घेणार आहे. मला या फोटोची सगळ्यात जास्त वाट आहे.

मोठे काका: ठरलं. सव्वानऊ, परसात. मुंबईच्यांनी शनिवारी रात्रीच मुक्कामाला यावं.

धाकटी आत्या: आईला मी ८ लाच नऊवारी नेसवते.

मोठे काका: आई विचारतेय, अण्णांचा फोटो मांडीवर घेऊन बसलं तर चालेल का. मुंजीतल्याच फोटोतला चेहरा मोठा करून लावलाय तो.

ठाण्याची ताई: चालेल काका. नक्की घ्यायला सांगा. फक्त त्या फ्रेमची काच शनिवारीच काढून ठेवा, नाहीतर आभाळ चमकेल तिच्यात आणि आजोबा दिसणार नाहीत.