पाच वेळा निवडून आलेले मधु दंडवते १९९१ मध्ये राजापुरात का हरले?

देवगडकर:
राजापूर मतदारसंघाचा इतिहास वाचताना एका गोष्टीपाशी अडलो आहे. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रा. मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत येथून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. १९८० आणि १९८४ च्या काँग्रेसच्या लाटाही त्यांना हलवू शकल्या नाहीत. मग रोह्याला कोकण रेल्वेची पायाभरणी झाल्यानंतर जेमतेम वर्षभरात मतदारांनी त्यांना का नाकारले? जाणकारांनी कृपया सांगावे.

माडाची_सावली:
सुरुवात बॅ. नाथ पै यांच्यापासून करावी लागेल. १९५७ पासून ते येथून निवडून येत होते आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत दंडवते उभे राहिले, तेव्हा लोकसभेतील उत्तम वक्ता निवडण्याची सवय या मतदारसंघाला आधीच लागलेली होती. आणीबाणीत दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात होत्या. १९७७ चा विजय त्या पार्श्वभूमीवरचा आहे.

आरक्षणाची_रांग:
माझ्या मते, त्यांना केवळ ‘कोकण रेल्वेवाले’ म्हणणे अपुरे आहे. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत कामावर घेतले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय घेतला आणि मुंबई–हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस ही पहिल्या वर्गाचा डबाच नसलेली गाडी सुरू केली. समाजवादावरची भाषणे पुष्कळांनी केली, पण तो सामान्य प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोहोचवणारे विरळाच! कोकणाच्या पदरात मात्र तेव्हा फारसे काही पडले नाही, कारण पनवेलजवळच्या आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग रोह्याला पोहोचायला १९८६ उजाडले.

खारेपाटण_नाका:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पण मूळ प्रश्न १९९१ चा आहे. व्ही. पी. सिंग सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, म्हणूनच रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीची वाट न पाहता स्वतंत्र महामंडळ, केंद्रासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचे भांडवल व उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून, अशी रचना उभी राहू शकली. परंतु मतदानाच्या वेळी लोकांसमोर होती ती भूसंपादनाची आखणी. गाडी कुठेच दिसत नव्हती. संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. दरम्यान सिंग सरकार पडले होते आणि दंडवत्यांचे जनता दल फुटले होते. शिवाय १९९० मध्ये मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेवर गेले होते, म्हणजे काँग्रेसविरोधी मत एकगठ्ठा समाजवाद्यांकडे राहण्याचे दिवस सरत आले होते. चाकरमान्यांच्या घरांत तर मुंबईहून येणारा शिवसेनेचा प्रभाव त्याआधीच पोहोचला होता. या साऱ्यात काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. दंडवत्यांवर कोकण रागावले होते असे मला वाटत नाही. त्यांच्या पायाखालचा पक्षच उरला नव्हता.

देवगडकर:
आभारी आहे. मी पराभवाचे कारण रेल्वेत शोधत होतो. जनता दलाच्या फुटीकडे माझे लक्षच गेले नव्हते. १९९० च्या विधानसभेचे तालुकावार आकडे कोणाकडे असल्यास जरूर द्यावेत.